जिंजीला एक अख्खा दिवस

जिंजीच्या किल्ल्याचा बेत आखताना एक गोष्ट आधी पक्की करावी, ती म्हणजे तिला अख्खा दिवस द्यायचा. पुदुच्चेरीहून तिरुवण्णामलैला जाणारी बरीच मराठी मंडळी वाटेत तासभर गाडी थांबवतात, कल्याणमहालासमोर फोटो काढतात आणि पुढे निघतात. राजगिरी या मुख्य टेकडीवर न चढता जिंजी पाहणं म्हणजे पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेऊन रायगड न चढता माघारी फिरण्यासारखं आहे. १६८९ ते १६९८ या काळात मराठ्यांचं सिंहासन या डोंगरावर होतं. रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात ठाण मांडून बसला, आणि तरीही राज्य संपलं नाही, याचं एक मोठं कारण हा तमिळ मुलखातला किल्ला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावी जिंजी. तेव्हापासून मामांचं एकच पालुपद चालू होतं, "अकरा पाहिलेत, बारावा राहिलाय."

मामा शाळेत इतिहास शिकवायचे. मामींचे गुडघे दुखतात. म्हणून बेत असा हवा होता की मामांना माथा गाठता येईल आणि मामींनाही दिवस वाया गेला असं वाटणार नाही. महिना जानेवारीचा निवडला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा असतो, आणि मार्चनंतर त्या उघड्या कातळावर दुपारी पाय ठेवणं कठीण होतं.

गुरुवार, चेन्नई

सकाळी गाडीतून उतरलो, सामान ठेवलं आणि थेट जॉर्ज टाउन गाठलं. तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचं देऊळ आहे. शिवाजी महाराज १६७७ मध्ये इथे दर्शनाला आले होते अशी तिथली श्रद्धा आहे आणि देवळात तसा फलकही आहे. गल्ली दाटीची, दोन्ही बाजूंना दुकानं, फुलवाल्या बायकांची गडबड. मामींनी कुंकवाची पुडी घेतली. पुजाऱ्यांना आम्ही महाराष्ट्रातून आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आपणहून फलकाकडे बोट दाखवलं.

सेंट जॉर्ज किल्ला तिथून जवळच आहे. १६७७ च्या मे महिन्यात महाराजांची फौज मद्रासच्या आसपास होती तेव्हा त्यांनी या किल्ल्यातल्या इंग्रजांना पत्र लिहून काही औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते. इंग्रजांनी ते भेट म्हणून पाठवून दिले. कंपनीच्या कागदांत हे नोंदलेलं आहे. रायगडापासून इतक्या लांब, अनोळखी मुलखात, विषबाधेचीही काळजी घेणारा राजा. मामा किल्ल्याच्या भिंतीपाशी उभे राहून हे सांगत होते, आणि मला पहिल्यांदाच महाराजांच्या दक्षिणेतल्या मोहिमेची लांबी जाणवली.

शुक्रवार, पुदुच्चेरी

समुद्राकाठच्या रस्त्याने पुदुच्चेरी गाठली. जिंजीसाठी मुक्काम इथे करायचा हे मुद्दाम ठरवलं होतं. अंतर साधारण ७० किलोमीटर, रस्ता चांगला, आणि जिंजी गावापेक्षा राहण्याची सोय इथे बरी. दुसरं कारण असं, की जिंजीचा एक तुकडा पुदुच्चेरीतच आहे. समुद्राकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावर गांधीजींचा पुतळा आहे, त्याच्या भोवती ग्रॅनाइटचे उंच कोरीव खांब उभे आहेत. ते खांब फ्रेंचांनी जिंजीहून आणले. १७५० मध्ये फ्रेंच सेनानी बुसीने किल्ला घेतला आणि १७६१ पर्यंत तो फ्रेंचांकडे राहिला, त्या अकरा वर्षांची ही खूण. संध्याकाळी लोक त्या खांबांना टेकून आइस्क्रीम खात बसलेले असतात. आपण उद्या जिंजीत वेंकटरमणाचं जे देऊळ पाहणार त्याचे हे खांब, हे ठाऊक असलं की नजर कोरीव कामावरून हलत नाही.

पुदुच्चेरीच्या फ्रेंचांचा महाराजांशी थेट संबंध आला होता. १६७७ मध्ये त्यांचा वकील महाराजांच्या छावणीत गेला. तिथे थाटमाट काहीच नव्हता, साध्या कापडाचे दोनच तंबू होते, एक महाराजांचा आणि एक प्रधानांचा, असं त्याने पाहिलेलं वर्णन आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात जिंजी दरबाराला पैशाची फार निकड होती. तेव्हा १६९० मध्ये कुडलूरजवळचं तेगनापट्टण इंग्रजांना विकावं लागलं. तिथल्या किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर पडेल तिथवरची गावं इंग्रजांची, असा तो सौदा. हा व्यवहार वाचला की मला दरबाराचं कौतुकही वाटतं आणि पोटात कालवतंही. घरात लढाई चालू असताना पैसा उभा करण्यासाठी समुद्रकाठ द्यावा लागला होता.

रात्री खोलीत बसून दुसऱ्या दिवसाचा बेत पक्का केला. कुणाला उपयोग व्हावा म्हणून तो सविस्तर लिहिते. पहाटे निघायचं आणि किल्ला उघडायच्या वेळेला दारात हजर व्हायचं. आधी राजगिरी चढायची, खालचे वाडे-महाल नंतर. उलटं केलं तर ऊन डोक्यावर येतं, आणि दुपार कलली की पहारेकरी वर सोडत नाहीत. माणशी दोन लिटर पाणी. खाण्याची पिशवी हातात धरायची नाही, पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवायची, कारण वाटेवर माकडं फार आहेत. पायात पकड असलेले बूट. बसने जाणाऱ्यांनी स्टँडवर 'सेंजी' म्हणून विचारावं, तिकडे सगळे तेच म्हणतात. रेल्वेने यायचं तर तिंडिवनम स्टेशन जवळचं. आणि आदल्या दिवशीच पंचांग बघून घ्यावं. पौर्णिमेला तिरुवण्णामलैला अरुणाचलाच्या प्रदक्षिणेसाठी लाखो लोक येतात, त्या दिवशी त्या रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही आणि मुक्कामाला खोली मिळत नाही. आमचा शनिवार पौर्णिमेपासून लांब होता.

शनिवार, जिंजी

तिंडिवनमच्या पुढे शेतं संपत आली आणि डोंगर दिसू लागले. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे डोंगर डोंगर वाटतच नाहीत. काळ्या-तांबूस रंगाचे प्रचंड गोटे एकावर एक रचून ठेवलेत, मध्येच झुडपं उगवलीत, आणि त्या गोट्यांच्या ढिगावरून तटबंदी चढत गेली आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या, आणि तिघींना मिळून घेरणारा सुमारे १३ किलोमीटरचा तट. हमरस्ता या तटातूनच आरपार जातो. गाडीतून उजवीकडे कृष्णगिरी आणि डावीकडे राजगिरी दिसली तेव्हा मामा बोलायचे थांबले.

रस्त्याकाठच्या एका छोट्या हॉटेलात गरम पोंगल आणि कॉफी घेतली. तिकीट काढलं. मामींना कल्याणमहालाच्या सावलीत बसवून, त्यांच्यासोबत आमचा गाडीवाला थांबला, आणि मी नि मामा निघालो.

राजगिरी पायथ्यापासून सुमारे ८०० फूट उंच आहे. पायऱ्या हजारावर आहेत. सुरुवातीचा भाग झाडीतून जातो, तिथे चढ सोपा वाटतो. वाटेत कमलकन्नी अम्मनचं छोटं देऊळ लागतं. त्यानंतर कातळ सुरू होतो. एकामागून एक दरवाजे, प्रत्येकाला वळण, प्रत्येक वळणावर वरून मारा करता येईल अशी जागा. रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्याला ही भाषा लगेच कळते. पण इथले दरवाजे कुणा एकाचे नाहीत. परंपरा सांगते की तेराव्या शतकाच्या आसपास कोन घराण्याने इथे पहिलं बांधकाम केलं. मग विजयनगरचे नायक, १६४९ पासून विजापूरकर, आणि १६७७ मध्ये शिवाजी महाराज. महाराजांनी किल्ला घेतल्यावर तो होता तसा ठेवला नाही. त्या काळच्या एका जेझुइट पाद्र्याने लिहिलं आहे की त्यांनी नवे तट उभारले, खंदक खणले, बुरूज बांधले. दख्खनेतलं राज्य धोक्यात आलं तर माघार घ्यायला एक बळकट जागा असावी, हा विचार त्यामागे असणार असं मामांचं ठाम मत. महाराज गेल्यावर नऊच वर्षांत त्या जागेची गरज पडली.

मामा दर शंभरेक पायऱ्यांनी थांबत. मी म्हटलं, "मामा, घाई नाही, तुम्ही दमानं या." ते म्हणाले, "अगं, राजाराम महाराज वीस वर्षांचे नव्हते तेव्हा पन्हाळ्याहून इथवर आले. मी सत्तरीला गाडीतून आलोय. एवढं तर चढतो." मग बसल्या बसल्या त्यांनी तो प्रवास सांगितला. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना मारलं. एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटले, प्रतापगड, मग पन्हाळा, आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिथून दक्षिणेकडे. लिंगायत यात्रेकरूंचा वेश. बिदनूरच्या राणी चन्नम्मांनी मोगलांचा राग ओढवून घेऊन त्यांना वाट करून दिली. वाटेत संशय आला तेव्हा चिटणीस खंडो बल्लाळ मागे राहिले आणि मार खाऊनही त्यांनी तोंड उघडलं नाही, असं बखरी सांगतात. मुत्सद्दी प्रल्हाद निराजी सोबत होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराज जिंजीला पोचले आणि त्याच सुमाराला रायगड मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली आणि राजधानी उभी राहिली, दोन्ही एकाच महिन्यात.

माथ्याच्या जरा खाली वाट एकदम तुटते. मध्ये एक नैसर्गिक घळ आहे, सुमारे २४ फूट रुंद आणि ६० फूट खोल. पूर्वी तिच्यावर उचलता येणारा लाकडी पूल होता, आता कायमचा छोटा पूल आहे. पूल उचलला की माथा उरलेल्या जगापासून सुटा. पलीकडे दरवाजा, आणि त्यातून एका वेळी थोडीच माणसं जाऊ शकतात. जिंजीला यायचं ते या जागेसाठी. खालच्या महालांत राजवैभव दिसतं, पण मोगल सरदार झुल्फिकारखानाला हा किल्ला घ्यायला इतकी वर्षं का लागली याचं उत्तर या घळीवर उभं राहिल्यावर मिळतं. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. मागून शाळेची सहल आली, पोरं पुलावरून धावत गेली, मास्तर ओरडले, आणि मामा त्या मास्तरांकडे बघून ओळखीचं हसले.

माथ्यावर रंगनाथाचं देऊळ आहे, कोठारं आहेत, एक तोफ आहे, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. खाली सगळा किल्ला नकाशासारखा पसरलेला दिसतो. कल्याणमहालाचा मनोरा, तळी, तटाची वळणं, समोर कृष्णगिरी. आणि तटापलीकडे सपाट मैदान, जिथे मोगलांची छावणी होती. १६९० मध्ये झुल्फिकारखान आला. मग त्याचा बाप, वजीर असदखान, आणि शहजादा कामबक्षही आले. १६९२ च्या डिसेंबरात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव महाराष्ट्रातून फौज घेऊन उतरले, संताजींनी मोगल सरदार अली मर्दानखानाला धरलं, आणि वेढा घालणाऱ्यांनाच वेढा पडला. छावणीत अफवा उठल्या, कामबक्ष मराठ्यांना फितूर झाल्याचा संशय आला, आणि वजिराने बादशहाच्या मुलालाच कैद केलं. यातलं बरंचसं त्या मैदानावर घडलं, आता तिथे भुईमूग आणि भाताची शेतं आहेत.

मला त्या माथ्यावर सगळ्यात जास्त आठवत होती ती १६९१ च्या जूनमधली एक सनद. जिंजीच्या दरबाराने सरदार हणमंतराव घोरपड्यांना नेमणूक लिहून दिली. रायगड, विजापूर, भागानगर (म्हणजे हैदराबाद), औरंगाबाद घेतल्यावर अमुक रक्कम, आणि दिल्ली घेतल्यावर आणखी अमुक. राजा वेढ्यात, खजिना रिकामा, घरचा मुलूख शत्रूच्या टाचेखाली, आणि कागदावर दिल्लीचा हिशेब मांडलेला. शाळेत राजाराम महाराजांचा काळ दोन ओळींत उरकतात, "जिंजीला गेले, परत आले". त्या दोन ओळींवर माझा राग आहे. इथून सनदा निघाल्या, इथून महाराष्ट्रात लढा चालवणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना आणि शंकराजी नारायणांना बळ मिळालं, इथे ताराबाई राहिल्या, आणि इथेच कृष्णाजी अनंत सभासदांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिलं. शिवाजी महाराजांना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने लिहिलेली ती बखर, जिच्यावर आपला सगळा अभ्यास उभा आहे, ती वेढा पडलेल्या जिंजीत लिहिली गेली. मामा हे सांगताना उभे राहिले होते.

उतरायला चढण्याइतकाच जपून वेळ द्यावा. गुडघे बोलू लागतात आणि पायऱ्या गुळगुळीत आहेत.

खाली मामी कंटाळल्या असतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तोवर अर्धा किल्ला पाहून घेतला होता. ज्यांना चढणं जमणार नाही त्यांनी जिंजी टाळू नये, हे मी मामींच्या अनुभवावरून सांगते. सगळा खालचा भाग सपाट आहे. कल्याणमहाल म्हणजे चौकोनी अंगण, त्याभोवती कमानींच्या ओवऱ्या आणि मधोमध निमुळत्या छपराचा बहुमजली मनोरा. डोंगरावरच्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांनी मनोऱ्याच्या मजल्यांपर्यंत चढवलेलं होतं. जवळच जाड भिंतींची कोठारं, तालीमखाना, घोड्यांच्या पागा आणि हत्तींचं तळं. कोठारात शिरलं की बाहेरचं ऊन एकदम विसरतं. एवढं धान्य साठवायची सोय होती म्हणूनच वेढा इतका लांबला.

गाडीवाल्याने मामींना राजा देसिंगची गोष्ट सांगितली होती, अर्धी तमिळमध्ये, अर्धी हातवारे करून. देसिंग म्हणजे तेजसिंग, जिंजीचा तरुण बुंदेला राजा. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाब सादतउल्लाखानाशी लढताना तो पडला. तमिळ मुलखात जिंजी म्हटलं की लोकांना त्याचीच आठवण येते, त्याच्यावरची कथागीतं अजून गातात. चेट्टीकुळम तळ्याकाठी त्याच्या चितेची जागा दाखवतात. आम्ही तिथे नमस्कार केला. हा किल्ला आपल्याइतकाच त्यांचाही आहे. इथे येऊन फक्त आपल्या घोषणा देऊन जाणाऱ्यांनी त्या तळ्यापर्यंत जरूर जावं.

शेवटी वेंकटरमण देवळात गेलो. पुदुच्चेरीचे खांब इथून गेले ते कळतं, काही मंडप उघडे-बोडके वाटतात. गोपुरातल्या दाराच्या भिंतींवर रामायणातले आणि समुद्रमंथनाचे प्रसंग कोरलेत, ते मात्र जागच्या जागी आहेत. सादतउल्लाखानाची मशीद बाहेरून पाहिली. कृष्णगिरी चढायला वेळ उरला नाही. तिच्यासाठी खरं म्हणजे आणखी एक सकाळ हवी. ज्यांचे पाय तरणे आहेत त्यांनी जिंजीतच रात्र काढून ती गाठावी.

संध्याकाळी तिरुवण्णामलैला मुक्काम. अंतर फक्त चाळीस किलोमीटर. अरुणाचलेश्वराचं दर्शन रात्रीच मिळालं.

रविवार, वेल्लोर

वेल्लोर बेतात घेण्याचा आग्रह माझा. जिंजी घेतल्यावर शिवाजी महाराजांची फौज वेल्लोरला भिडली होती आणि तो कोट घ्यायला वर्षाहून जास्त लागलं. खंदक पाहिला की कारण कळतं. भुईकोट, भोवती रुंद पाण्याचा खंदक. त्यात मगरी होत्या असं सभासदांनी नोंदलं आहे. आता त्या नाहीत, पाणी मात्र भरपूर आहे. समोरच्या टेकड्यांवर महाराजांनी साजरा आणि गोजरा असे दोन किल्ले बांधून घेतले, तिथून कोटावर मारा करायचा म्हणून. मामी त्या टेकड्यांकडे बघत म्हणाल्या, "नावं किती आपली वाटतात, नाही?"

कोटाच्या आत जलकंठेश्वराचं देऊळ आहे, त्याचा कल्याणमंडप बघण्यासारखा, घोड्यांवरच्या स्वारांचे खांब एकाच दगडातले. १८०६ च्या शिपायांच्या उठावाचं ठिकाणही हेच.

राजाराम महाराज जिंजीतून निसटले ते याच बाजूने, वेल्लोरमार्गे. खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन सोडून मोगल छावणीतल्या गणोजी शिर्क्यांची मदत मिळवली, अशी बखरींची हकिकत. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली तेव्हा झुल्फिकारखानाच्या हाती किल्ला लागला, राजा लागला नाही. तो विशाळगडाकडे निघून गेला होता. आणि त्या नऊ वर्षांत महाराष्ट्रातल्या मराठ्यांनी मोगलांना इतकं पळवलं होतं, की नुसती जिंजी घेऊन औरंगजेबाचं काहीच संपलं नाही.

वेल्लोरहून काटपाडी स्टेशन अगदी जवळ आहे, मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या तिथे मिळतात. आम्ही तीच धरली. ज्यांच्या हाती आणखी दोन दिवस असतील त्यांनी जिंजीहून तंजावरला उतरावं, व्यंकोजीराजांचा वाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहावं. मामांनी गाडीतच पुढच्या जानेवारीची तारीख विचारली, कृष्णगिरीसाठी.